छाट

विडी कारखान्याच्या खिडकीत
चेकरनं आईचं बंडल सोडलं,
बोटानं चाळलं, आणि निम्म्या विड्या
फरशीवर भिरकावल्या. छाट.
आई हसली. तसं हसणं
मी नंतर कुठंच पाहिलं नाही.

मागं रांगेत नजीर होता, खालासोबत.
तो वाकला, एकेक विडी वेचून
माझ्या ओंजळीत ठेवत म्हणाला,
"घे की बे, तुडवतील."

चेकरचं तोंड मला आठवत नाही.
नजीरचे गुडघे आठवतात,
तंबाखूच्या भुकटीनं माखलेले.

घरी आईनं भाकरी करपली म्हणून
अंबक्काला सुपानं मारलं,
अक्कानं मला ढकललं,
मी गल्ली ओलांडून
नजीरच्या पतंगाचा दोरा ब्लेडनं कापला.
बरं वाटलं. एवढंच खरं.

कारण फार वर्षांनी मिळालं,
कन्ना चौकात, माईकवरून,
तयार शिवलेलं, माझ्याच मापाचं.
मी अंगात घातलं.

परवा रात्री त्याच्या शटरसमोर
दगड घेऊन उभा होतो.
आत लाईट लागला.
"कोण आहे बे?"

दगड काही जड नव्हता.
असेल एका बंडलाएवढा.