बंद करण्याआधी

हेमकांत भिरूडांचा धाकटा, प्रणीत,
डिसेंबरात नवी गाडी घेऊन सावद्याहून धुळ्याला आला.
बॉनेट उघडलं तर आत नुसतं काळं प्लास्टिक,
नट दिसेना, नळी दिसेना.
मी पाना हातात धरून उभा,
परक्या लग्नात शिरल्यासारखा.

"काका, तुमची ती म्हातारी काढा ना एकदा."

म्हातारी म्हणजे एक्क्याण्णव सालची,
दोन दारांची, झाकणाआड डोळे मिटून घेणारी.
नाशिकच्या एका कारखान्याच्या साहेबाने
टर्बो जाम झाला म्हणून भंगाराच्या भावात दिलेली.
नखाएवढ्या एका बेअरिंगसाठी
मी सात महिने कोइंबतूरला फोन केले.
बायको म्हणाली, "हाई काय तुमनी दुसरी बायको शे?"
म्हटलं, नाही, हिचा खर्च जास्त आहे.

मे महिन्यात तिला काढतच नाही.
सेहेचाळीस अंशांत हवा पातळ होते,
टर्बो ओढून ओढून पितो, पोट भरत नाही.
लळिंगच्या चढावर उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देतो मागून.
पण डिसेंबरात, पहाटे पाचला,
हरभऱ्यावर दव, आणि हवा अशी घट्ट
की वाटीत घेऊन चमच्याने खावी.
तेव्हा तिचं वय निम्मं होतं.

फागण्याच्या पुढे नवा चौपदरी तुकडा,
फीत कापायची राहिलेली, बंदोबस्ताला एक कुत्रं.
प्रणीतची बहीण ऋजुता मोबाईलवर वेळ मोजायला उभी.

त्याने पाय ठेवला आणि तो गेला.
एवढंच. मध्ये काही घडलंच नाही.
मागाहून कळलं, तो आवाजही सगळा इंजिनाचा नव्हता,
थोडा स्पीकरमधून येतो. त्याला बटण आहे.

माझी पाळी.
पाय ठेवला.
काही नाही.
सुई दोन हजार, अडीच हजार, दमादमाने.
खोकायला वेळ मिळतो,
गॅरेजचं शटर ओढलं होतं का, हे आठवायलाही.
तीन हजारांपाशी कुठूनशी शीळ,
दादरमध्ये पाखरं हाकणाऱ्या पोराने लांबून घातल्यासारखी,
आणि मग पाठीत गुडघा!
स्टिअरिंग हिसडा देतं,
मागचं चाक आपलं वेगळं मत मांडतं,
सावरायला गाडीत दुसरं कोणी नाही.

ऋजुताने आकडे वाचले.
त्याचे तीन पूर्णांक सहा, माझे सात पूर्णांक एक.
वादच नाही. दुपटीच्या जवळपास हरलो,
आणि ब्रेक लावला तेव्हा चारीत जाता जाता राहिलो.
हेही सांगून ठेवतो,
जुन्या गाड्यांच्या गप्पांत ब्रेकचं कोणी काढत नाही.

मग किल्ली त्याला दिली.
पाय ठेवला त्याने, घाबरून बघितलं माझ्याकडे,
"काका, बिघडली."
"थांब."
"अहो, थांब काय..."
शीळ आली.

परतला तेव्हा त्या थंडीत शर्ट पाठीला चिकटलेला.
एक शिवी दिली, चांगल्या अर्थाची,
आणि सवयीने बंद करायला हात गेला.
मी मनगट धरलं.
"आत पातं लाल झालंय. आत्ता तेल थांबलं
तर तिथल्या तिथे जळून कोळसा होईल.
दोन मिनिटं नुसती चालू राहू दे."

त्याची गाडी पलीकडे केव्हाच गप्प झाली होती.
तिचं गार-गरम तिचं तीच बघते.

आम्ही बसून राहिलो. काच धुरकटली.
डॅशबोर्डकडे बघत म्हणाला,
"पप्पांना अजून बोललो नाही.
मला केळी पिकवायची चेंबरं नाही सांभाळायची."
मी काही बोललो नाही.
इंजिन हळू घुमत होतं.

"झाली ना दोन मिनिटं?"

सुई खाली आलेली मला दिसत होती.
"अजून जराशी," म्हटलं, "जुनी गाडी आहे."