सूर धरणारा

संकेश्वरात जुन्या मोटारस्टँडामागं
पिठाच्या गिरणीवरचा जिना चढला की संघ.
कठड्यावर पीठ, रजिस्टरावर पीठ,
खजिनदार दस्तगीर नदाफांच्या भुवईवर थोडं.
पाटी दोन लिप्यांत, मधोमध रंगाऱ्यानं काढलेली सनई,
भोकं दोन कमीच.

"बर्री, कुंद्री," म्हणाले रायाप्पा भजंत्री,
मग माझ्याकडं नीट बघून, "बसा हो."

नाव : दुंडाप्पा निंगाप्पा कोरवी.
"कोरवी का भजंत्री?"
घटप्रभेकडचे आमचे चुलते भजंत्री लावतात,
इकडं आम्ही कोरवी.
एकाच आज्याची फुंकर, दोन आडनावांत वाटलेली.
"लिवा काय बी," नदाफ म्हणाले, "वर्गणी तेवढीच."

वाद्य :
इथं पेन थांबलं.
सनई लिहावं, तर सनई थोरल्याची.
बत्तीस वर्षं मी त्याच्या डाव्या खांद्यामागं बसून
एकच सूर धरलाय.
भोकं मेणानं बुजवलेली, बोटांना काम नाही.
तो यमनात जाऊ दे, भैरवीत जाऊ दे,
नवरदेवाच्या मित्रांनी ओरडून सांगितलेल्या
सिनेमाच्या गाण्यात जाऊ दे,
परत येईल तेव्हा उंबऱ्यावर मी.
श्वास नाकानं घ्यायचा, गालात ठेवायचा,
गालातला संपायच्या आत पुढचा.
वाटणीत त्याला दोन, संबळाला दीड, मला अर्धा.
"एकच सूर तर हाय," मामा म्हणायचा,
"पत्र्याच्या फटीत वारा बी वाजवतोय की."

भजंत्रींनी माझ्या हातातनं पेन घेतलं,
कानडीच्या रकान्यात लिहिलं : श्रुती.
माझ्या पुतणीचं नाव.
मला वाटलं, चुकून तिचीच भरती झाली.

फोटो दोन.
कुणाकुणाच्या लग्नाच्या अल्बमात असेन मी,
एक कान, अर्धा फेटा.
स्टुडिओतला पोरगा म्हणाला होता, "काका, गाल सोडा."
"सोडलेत की," म्हटलं.

मग नदाफांनी नियम वाचले.
वरचा एक दात कॉर्नेटनं नेलेला,
त्यामुळं प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी.
सुपारी घेताना निम्मे पैसे आधी.
रात्री अकरानंतर तासाला जादा.
आयत्या वेळी डॉल्बी आणला, तर घेतलेले पैसे परत नाहीत.
जेवण पंगतीत. चुलाणामागं नाही.
मोतीबिंदू, हर्निया : संघाचं पत्र दाखवायचं.
पेन्शनचे अर्ज बेंगळुरूला गेलेत,
"ते धरून चालू नका."
आणि वाटणी सारखी.

सारखी म्हणजे?
"सारखी म्हणजे सारखी. तुम्ही नसला
तर तुमचा भाऊ परत येणार कुठं?"

थोरल्याला हे कसं सांगायचं,
याचा नियम नव्हता.

शेवटचं कलम :
सभासद गेला तर पाच जण बिनपैशाचं वाजवत येतील
हिरण्यकेशीच्या काठापर्यंत.
मी विचारलं, पाचांत सूर कोण धरणार?
दोघं एकमेकांकडं बघाय लागले.
रजिस्टर चाळलं, पीठ उडालं.
दोनशे अकरा नावं,
संबळ, हलगी, क्लॅरिनेट, झांज,
येल्लव्वाचं चौंडकं, अंगठ्याच्या शिक्क्यासकट.
श्रुती एक. शाई ओली.
"एखादं पोरगं तयार करा," भजंत्री म्हणाले,
"आत्तापासनं."

वर्गणी एकशे वीस. मी दोनशे दिले.
सुटे नव्हते, ऐंशी पुढच्या खेपेला.

पावती वरच्या खिशात घालून जिना उतरलो.
खाली गिरणी रिकामीच फिरत होती,
एकच आवाज, न तुटणारा,
आमच्या पट्टीच्या अगदी जवळ.
अर्ध्या जिन्यात उभा राहून ऐकत राहिलो.
तेवढ्यात कुणीतरी जोंधळ्याची पाटी ओतली,
आवाज खाली बसला.
"वर घे," मी म्हटलं,
कुणाला, कुणास ठाऊक.