पाट्या

खानापूर स्टँडवर माझ्या गाड्याला टेकून
रेणुका बसच्या पाट्या वाचायची,
बोटानं हवेत गिरवत:
नंदगड. लोंढा. हल्याळ.
उसवलेल्या लोकरीगत अक्षरं,
रोज नव्यानं गुंतणारी.

कन्नडच्या पेपरात पहिल्यांदा नापास.
दुसऱ्यांदाही, चार मार्कांनी.
तिसऱ्यांदा निकाल बघून
चहाचे पैसे द्यायचंच विसरली.
सकाळी आणून दिले, आणि विचारलं,
"काका, अळणावर लिहितात कसं?"

आता हल्याळच्या गाडीत शिट्टी तिची.
म्हातारी मराठीत तिकीट मागते,
मशीनमधून कन्नड निघतं,
सुट्टे पैसे कुठल्याच भाषेत नसतात.

मी तीस वर्षं याच पाट्यांखाली,
गाड्या आवाजावरून ओळखणारा.
काल तिनं वर बोट केलं,
"काका, हे पहिलं अक्षर?"
मी पातेल्यात
उगाच आणखी साखर टाकली.