उणे बारा

नुवारा एलियात, शर्यतीच्या मैदानामागच्या उतारावर
मिस केलार्टची हिरवी मॉरिस मायनर उभी होती,
बॉनेट उघडं,
दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी.

रोग विचित्र.
डावा सिग्नल दिला की मागचा उजवा दिवाही
अंगात त्राण नसल्यासारखा डोळा मिचकावतो,
भरदिवसा ब्रेक दाबला की डॅशबोर्ड मिणमिणतो,
आणि डावीकडे वळताना हॉर्न
कुणी न विचारता बोंबलतो.

"फ्यूज बघू नकोस," तवराजा म्हणाले,
"दोनच आहेत, आणि दोन्ही सज्जन."

मी तेव्हा तेरा वर्षांचा.
माझं काम सीटच्या टोकावर बसून ब्रेक दाबायचा
आणि "दाबला!" म्हणून ओरडायचं.
धुकं इतकं की माझा आवाज
डिकीपर्यंत पोचताना भिजायचा.

त्यांनी मला तारा शिकवल्या.
तपकिरी बॅटरीची, पांढरी किल्लीची,
हिरवी फ्यूज ओलांडून आलेली.
"आणि काळी?"
"काळी घरी जाते."

नवा कोरियन मीटर त्यांनी लावला.
आकड्याच्या आधी एक आडवी रेघ. उणे बारा.
मला वाटलं काहीतरी कमी पडतंय.
"ह्या गाडीत अधिकाचं टोक पत्र्याला बांधलंय," ते म्हणाले,
"इथं सगळं उण्यावरच चालतं.
तो आकडा बरोबर आहे."

मग ते ओल्या गवतावर उताणे झाले.
बराच वेळ नुसते बूट दिसत होते.
बुटांनी सांगितलं:
"करंटला घरी जायचंच असतं.
स्वतःचं दार बंद असलं की
शेजाऱ्याच्या माजघरातून जातो.
तेवढ्यापुरता शेजाऱ्याचा दिवा लागतो,
आणि आपण शेजाऱ्याला दुरुस्त करत बसतो."

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले.
"अर्थ लागत नाही."

मिस केलार्टने चाळीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये व्याकरण शिकवलेलं.
"कशाचा?"
"डाव्या दिव्याच्या ह्या स्क्रूचा. खाली रंग आहे."

रंग बेझिलचा. तिच्या भावाचा.
मेलबर्नच्या बोटीत बसण्याआधीचा आठवडा
त्यानं गाडी रंगवण्यात घालवला होता, ब्रशनं,
दिवे काढून, खाचाखाचांत, कुठेच पत्रा न दिसेल असा.
पुढे नाताळला कार्ड यायचं.
पुढे तेही नाही.

"किती खरवडणार?"
"दहा सेंटच्या नाण्याएवढं."

ती आत गेली. पॉलिश पेपरचा आवाज
घरातही पोचत असणार.
हिरवा, मग करडा,
मग एकदम पांढरं, बोचरं लोखंड.

ती परत आली तेव्हा एका हातात चहाचे कप अडकवलेले
आणि काखेत उरलेल्या रंगाचा डबा,
आतला रंग दगड झालेला.
ह्याचं काय करायचं ते कुणालाच सुचेना.
डबा बोनेटच्या कडेवर राहिला.

"दाब."
मी दाबला. ओरडायचं विसरलो.
डॅशबोर्ड काळाच.
माझ्यासमोर काहीच घडलं नाही,
आणि तेच घडायला हवं होतं,
हे कळायला मला क्षणभर लागला.
मागे मात्र आरशात
सगळं धुकं लाल झालेलं.

राहिला हॉर्न.
"स्टिअरिंगच्या दांड्यात तार सोललीय. अर्ध्या तासाचं काम."

मिस केलार्टने चहाचा घोट घेतला.
"राहू दे," ती म्हणाली,
"चर्चचं वळण डावीकडे आहे.
फादर सिगारेट विझवतात."

तवराजांनी बिलातून ती ओळ खोडली.
उतार उतरताना आम्ही दोघं थांबून ऐकत होतो.
पहिल्या वळणाला काही नाही.
दुसऱ्याला वाजला.