दुसरा गिअर

ग्विलिमने मागची सीट काढली.
स्ट्रेचर तरीही चार बोटं बाहेर.
मग हत्यारांची पेटी गेली, कुत्र्याची जाळीही.

जाळीत अजून पेरोचे केस.
ते त्याने काढले नाहीत, फुंकलेही नाहीत;
जाळी तशीच भिंतीला टेकवली.

छपरावर दोन टायर, वाळूत घालायच्या फळ्या,
नाकाडासारखा वर काढलेला स्नॉर्कल —
वेल्समधल्या या चिखलात
वाळवंटाची तयारी, म्हणजे शेजाऱ्यांना आयतीच करमणूक.

मोरितानियातल्या दवाखान्यापाशी किल्ली द्यायची,
आणि विमानाने परत.

रात्री एलुनेड चहा घेऊन आली
तर हा वाकून बॉनेटच्या आत रंगाने लिहितोय,
मडगार्डवर फ्रेंच शब्दकोश उपडा:

दुसरा गिअर हट्टी आहे.
ओढू नका.
क्षणभर थांबलात, तर आपणहून पडतो.