सातवं वळण

सोमवारी डोंगर मोकळा असतो.
कुदळ, फावडं, एक घमेलं घेऊन
मी रविवार वाचत वर चढते.

मातीत सगळं उमटतं.
हा घाबरलेला: मुळं दिसायच्या आधीच दोन्ही ब्रेक.
ही हलक्या हाताची; टायरच्या गाठी
पाखरानं टेकावं तशा टेकल्यात.
इथे कुणीतरी उतरून चाललंय. शहाणं माणूस.
आणि सातव्या वळणावर, बीचच्या बुंध्याशी,
तोच तो ओरखडा, विळ्याच्या आकाराचा:
मागचं चाक करकचून आवळलेलं,
सायकलचं बूड बाहेर भिरकावलेलं,
वीतभर माती कडेवरून खाली.

चाक गेलं की चर राहतो.
चराला पाणी शोधायला जावं लागत नाही.
एप्रिलात पेत्सावरचा बर्फ सुटला
की ते आपणहून येतं, आयत्या वाटेनं,
आणि जूनपर्यंत बीचच्या मुळांना हवा लागते.
मुळांना हवा मानवत नाही.

माझा बाप याच डोंगराच्या पोटात शिसं खणायचा.
म्हणायचा, नेझ्का, डोंगर आधी कुरकुरतो, मग बसतो;
कुरकुर ऐकणाऱ्याला पगार जास्त हवा.
(त्याला कधी मिळाला नाही.)

एका रविवारी बुंध्यामागे बसून राहिले.
आधी आवाज आला, जाड कापड फाटल्यासारखा,
मग धूळ, मग टिलेन,
बेकरीवाल्या ओझ्बेयचा नातू, वय सोळा,
आणि वरच्या दगडावर त्याचा दोस्त, मोबाइल धरून.
"कसलं भारी!" दोस्त ओरडला.
मी उठले तेव्हा दोघांचे चेहरे
न फुगलेल्या पावासारखे झाले.

रागावले नाही. घमेलं दिलं.
म्हटलं, माती कुठे गेली ते बघून ये,
आणि येताना घेऊन ये.
ती खाली साठते, श्टेफ्काच्या कुरणाजवळच्या मोरीत.
चौथ्या खेपेला त्यानं विचारलं, अजून किती?
मी काय सांगणार.
मी मोजत नाही, भरते.

नवव्या खेपेनंतर बसलो.
त्याच्या पिशवीत खसखशीचा रोल होता, अर्धा मला दिला.
मग मी त्याची सायकल मागितली.
हे बघ, वेग मोडायचा तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर.
वळणात फक्त पुढचा ब्रेक, एकाच बोटानं,
आत मूल झोपलंय आणि दार लोटायचंय, तसा.
अंग पुढे. नजर वळणापलीकडे.
मागचं चाक आपसूक उचललं जाईल;
हवेतच फिरव, कमरेनं,
आणि ठेव.
ठेव म्हटलं. आपटू नको.

बासष्टाव्या वर्षी मला ते एकदाच साधलं,
पण त्यानं तेवढ्यात पाहिलं.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी गिळली.
ते वळण मीच आखलं होतं, पंचवीस वर्षांमागे,
चालणाऱ्याच्या मापानं, फार आवळून,
उताराच्या ऐन तोंडाशी.
तिथे घसरणारा प्रत्येक जण
थोडं माझंच चुकलेलं गिरवत होता.

सप्टेंबरात टिलेनला सांगितलं. हसला नाही.
म्हणाला, मग हलवूया.
तीन शनिवार लागले, आणि माझा एक अंगठा.
दगड बसवले, बाहेरच्या अंगाला उतार दिला;
पाणी आता तिथे रेंगाळत नाही.

आज सोमवार. सातवं वळण स्वच्छ.
माझ्या जुन्या सायकलवरून उतरत होते. कुणी नव्हतं.
खाली, खाणीच्या बंद दारापाशी,
जिथे सपाट खडी आहे
आणि कुणाचंच काही बिघडत नाही,
मी मागचा ब्रेक आवळला.

फाटलं कापड. उडाली खडी.
कसलं भारी!

मग उतरले, आणि सवयीनं
बुटानं पुसून टाकलं.