वरचा उजवा कोपरा

उजवा हात तबकाचा.
तीन दांड्या, वर एक कडी, खाली अकरा पेले,
आणि गाझियान्तेपच्या तांबटांच्या बाजारात
सकाळी आठपासून तो हात
दुसऱ्या कुणाचा होत नाही.
वक्कास म्हणतो, चहा हातानं सांडत नाही,
विचारानं सांडतो.

म्हणून फोन डाव्याकडे.

फोन झेलिहानं पाठवला, दुइसबुर्गहून.
बाबांची नजर अधू झाली, म्हणून मोठ्यातला मोठा.
पोरीनं डोळ्यांचा विचार केला, पंजाचा राहिला.
पहिल्या आठवड्यात तीनदा पडला:
एकदा फरशीवर,
एकदा परातींच्या चळतीवर, आणि असा नाद उठला
की ओक्केश उस्तानं हातोडी खाली ठेवून विचारलं,
ही ठोक कुणाची?
तिसऱ्यांदा वक्कासनं तो पायाच्या चवड्यावर झेलला.
वळ अजून आहे.

पूर्वी चहा हाकेनं मागवत.
गल्लीच्या टोकाहून, शंभर हातोड्यांच्या वर चढून:
वक्काऽस, चार! त्यातला एक फिका!
आता सगळे लिहितात.
लिहिलेल्या चहाला उत्तर द्यावं लागतं,
नाहीतर पुन्हा लिहितात.

मग ज्याचं त्यानं शोधून काढलं.
करंगळी खाली, फळीसारखी.
मधली तीन बोटं पाठीला,
दूध प्यालेल्या पोराला ढेकरेसाठी धरतात तशी.
अंगठा मोकळा.
अंगठा अर्धं वर्तुळ पुसतो,
मोटारीच्या काचेवरच्या दांडीसारखा,
आणि त्याच्या पलीकडचं सगळं परमुलूख.
महिन्याभरात करंगळीला खळगा पडला.
वक्कासच्या बापानं आयुष्यात एकदाच अंगठा चालवला होता,
दुकान विकताना, निळ्या शाईत.
ह्याचा दिवसातून चारशे वेळा चालतो
आणि संध्याकाळी मुळाशी ठणकतो.

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात.
टाळी वाजवायची कुणाला होती?

झेलिहाचं नाव त्यानं पहिल्याच दिवशी
वरच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन बसवलं होतं,
सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी.
म्हणजे अंगठ्यापासून सर्वांत लांब.
तिला बोलावायचं तर तबक खाली ठेवावं लागे.
तबक खाली ठेवायचं रात्री नऊला,
आणि रात्री नऊला ती भट्टीवर पाव भाजायला गेलेली.

बेरकाय ओक्केश उस्ताकडे शिकतो,
अजून त्याला तळ ठोकू देत नाहीत, नुसती कड.
त्यानं जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून
फोनच्या पाठीला ओवला, दोन बोटं आत जातील एवढा.
मग म्हणाला, थांब,
आणि तळाच्या कडेवर अंगठा टेकवून हलकेच खाली ओढला.
अख्खा पडदा घसरून अर्ध्यावर आला,
वरचं सगळं खाली, नावांसकट.
वक्कास दचकला. मोडलास?
वाकवला, बेरकाय म्हणाला. पुन्हा हवा तर पुन्हा वाक म्हणायचं.

मंगळवारी दुपारी, कल्हईवाल्यांच्या बोळात,
उजव्या हातात अकरा पेले,
वक्कासनं पडदा खाली ओढला.
कोपरा आला. अंगठा टेकला.
दोनदा वाजलं, आणि झोपेतला आवाज:
बाबा? काय झालं?
काही नाही, म्हणाला. पोहोचतो का ते बघत होतो.
काय पोहोचतो?
तो बोळ, ते ठोके, कल्हईचा धूर,
ह्यातलं त्याला काही सांगता येईना.
मागे ठोके ऐकून तीच म्हणाली,
पेले हातात आहेत ना? ठेव आधी खाली.
नाही ठेवले.
ती हसली की खोकली ते कळलं नाही.
दीड मिनिट. त्यात अर्धा वेळ दोघं गप्प.

ओक्केश उस्ताच्या बशीत त्या दिवशी
बोटभर चहा होता.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
उस्तानं बशीकडे पाहिलं, वक्कासकडे पाहिलं,
बशी उचलून पेल्यात ओतली
आणि साखरेचे दोन्ही खडे टाकून
बराच वेळ ढवळत राहिला.